अस्सल बरहुकूम

बोटाच्या पेराएवढा पांढऱ्या प्लॅस्टिकचा एक तुकडा. दोन्ही कुशींस चार-चार सिलिंडरांची तिरपी ओळ, माथ्यावर कार्ब्युरेटरसाठी सपाट बैठक, मागे निमुळता होत गेलेला गिअरबॉक्स, आणि तळाशी, जेथे खऱ्या इंजिनात ऑइलचे चेंबर असते नेमके तेथेच, या कुशीतून त्या कुशीत आरपार गेलेले वाटोळे छिद्र. खऱ्या इंजिनाला असे छिद्र असते तर त्यातील सारे तेल पहिल्याच मैलात रस्त्यावर सांडले असते; परंतु १९६० च्या दशकातील अमेरिकन मोटारींचे एकास पंचवीस प्रमाणाचे किट ज्याने हाताळले आहेत, त्याला या छिद्राचे नवल वाटत नाही, उलट त्या छिद्रावरूनच तो त्या तुकड्याच्या कुळाविषयी पहिले अनुमान बांधतो. पुढची दोन चाके फिरती ठेवण्याचा सर्वांत स्वस्त उपाय म्हणजे एका चाकापासून दुसऱ्या चाकापर्यंत लोखंडी काडी घालणे. त्या काडीच्या वाटेत इंजिन आले, तेव्हा साचे घडविणाऱ्यांनी काडीला वळसा न देता इंजिनालाच भोक पाडले. एएमटी या कारखान्याच्या किटांत ही युक्ती इतक्या सर्रास आढळते की छिद्र दिसताच जाणत्याच्या तोंडून प्रथम तेच नाव निघते. अर्थात स्पर्धकांनीही ती उचलली असल्याने एवढ्या एका पुराव्यावर निकाल देणे धोक्याचे असते.

या प्रकारच्या निकालांची, म्हणजे सुट्या, बेवारस, खोक्याविना आणि सूचनापत्रकाविना हाती आलेल्या प्लॅस्टिकच्या भागांची ओळख पटविण्याची, एक विद्याच आहे. तिचे पहिले धडे मी मिशिगन राज्यातील ट्रॉय या गावी, मोटार-उद्योगातून निवृत्त झालेल्या एका मराठी अभियंत्यांच्या बेसमेंटमध्ये घेतले. या गृहस्थांचे नाव येथे देण्याचे प्रयोजन नाही, आणि दिलेले त्यांना रुचणारही नाही. त्यांच्या भिंतीला लागून लहान लहान खणांची कपाटे आहेत. एका खणात नुसती स्टिअरिंगची चाके, दुसऱ्यात नुसते आरसे, तिसऱ्यात रेडिएटर, आणि एका मोठ्या ट्रेमध्ये ज्यांचा दाखला अद्याप लागलेला नाही असे पन्नास-साठ जिन्नस. प्रत्येक ओळखलेल्या जिनसाची नोंद एका जाड वहीत आहे: कोणत्या कारखान्याचा, कोणत्या गाडीचा, कोणत्या सालच्या किटातला, आणि ही ओळख कशावरून पटली. पेशवे दफ्तरातील रुमाल चाळणारा संशोधक मजकुराआधी कागद, शाई आणि अक्षराचे वळण पाहतो. हे गृहस्थही तुकडा हाती घेतला की आधी तो कशाचा आहे हे न पाहता कसा घडला आहे हे पाहतात.

तो कसा घडला हे समजण्यासाठी मात्र डेट्रॉईटच्या इतिहासात थोडे मागे जावे लागते. जनरल मोटर्सचे आल्फ्रेड स्लोन यांनी दरवर्षी गाडीचे रूप पालटण्याची जी प्रथा रूढ केली, आणि १९२७ साली हार्ली अर्ल यांच्या हाती केवळ रूपरचनेसाठी जे स्वतंत्र खाते सोपविले, त्या दोहोंचा परिणाम असा झाला की अमेरिकेत मोटार ही यंत्राबरोबरच एका विशिष्ट वर्षाची वस्तू ठरली. मागील दिव्याचा आकार, जाळीतील पट्ट्यांची संख्या किंवा मडगार्डाच्या शेपटीची उंची पाहून शेजाऱ्याची गाडी किती जुनी हे रस्त्यावरच्या पोरालाही सांगता यावे, अशी ती योजना होती. आणि शेजाऱ्याला ते सांगता येते या जाणिवेनेच नवी गाडी खपत असे. शरद ऋतूत नवी गाडी विक्रेत्याच्या दालनात आली की तिच्याबरोबर तिची एक हातभर अंतरावरून अगदी खरी भासणारी छोटी प्रतिकृतीही येई. ती गिऱ्हाइकाच्या मुलाच्या हाती ठेवायची, म्हणजे मूल घरी जाऊन उरलेले काम स्वतःच करी. या प्रतिकृतींना प्रोमो म्हणत, आणि त्यांचे रंग बहुधा त्या वर्षीच्या खऱ्या गाड्यांच्या रंगपत्रिकेवरून घेतलेले असत.

एएमटी ही संस्था याच धंद्यासाठी जन्मली. वेस्ट गॅलोग्ली नावाच्या एका वकिलाने १९४८ साली ती काढली आणि पहिली प्रतिकृती अॅल्युमिनियमची केली, म्हणून नावही ‘अॅल्युमिनियम मॉडेल टॉइज’ असे पडले; पुढच्याच वर्षी धातू जाऊन प्लॅस्टिक आले, तरी आद्याक्षरे तशीच राहिली. जॉन हॅन्ली यांची जो-हॅन ही दुसरी संस्था डेट्रॉईटचीच. क्राइस्लर, ओल्ड्समोबिल आणि कॅडिलॅक ही तिची विशेष मिरास. जॉर्ज टोटेफ यांनी एएमटीतून बाहेर पडून १९६० च्या दशकाच्या पूर्वार्धात माउंट क्लेमन्स येथे एमपीसी काढली. हे सगळे मोटार-कारखान्यांच्या आसपासच वसले होते, कारण त्यांचा कच्चा माल प्लॅस्टिकइतकाच नकाशांचाही होता: नवी गाडी जाहीर होण्याच्या कित्येक महिने आधी तिचे गुप्त आरेखन त्यांच्या हाती पडत असे. कॅलिफोर्नियातील रेव्हेल आणि शिकागोजवळची मोनोग्राम ही घराणी या वर्तुळाबाहेरची. त्यांची प्रकृतीही निराळी, आणि मोनोग्रामचे तर प्रमाणही निराळे.

प्रारंभीच्या प्रोमोंचे प्लॅस्टिक सेल्युलोज अॅसिटेट जातीचे होते, आणि काळ लोटला तसे ते आकसून वाकू लागले. आज त्या गाड्यांची छते आणि बॉनेटे सर्दावलेल्या पापडासारखी लवलेली दिसतात आणि त्यांना आंबूस वास येतो. ट्रॉयच्या गृहस्थांना हा वास हाही पुरावाच: अॅसिटेटचा भाग म्हणजे प्रोमो, आणि तोही साधारणतः १९६० च्या अलीकडचा नव्हे. त्यानंतर पॉलिस्टायरीन आले. ते वाकत नाही, ठिसूळ असले तरी धार उत्तम धरते, आणि किटांचे सारे राज्य याच द्रव्यावर उभे राहिले.

खरी क्रांती १९५८ सालची. प्रोमोचा साचा तयार असताना त्याच साच्यातून न जोडलेली गाडीही का विकू नये, असा हिशेब एएमटीने केला आणि दीड डॉलरच्या आतबाहेर किमतीचा ‘तीन-पैकी-एक’ किट बाजारात आणला. एकाच खोक्यात मूळ कारखानी रूपाचे, सजविलेल्या हौशी रूपाचे आणि शर्यतीच्या रूपाचे असे तीन प्रकारचे भाग असत. मुलाने त्यांतील एक गाडी करायची आणि उरलेले भाग ठेवून द्यायचे. पहिल्या किटांत इंजिनच नसे. थोड्याच वर्षांत बॉनेटे उघडू लागली आणि खाली इंजिन बसले, त्याच्या जोडीला शर्यतीसाठी जादा कार्ब्युरेटर, सुपरचार्जर, रुंद टायर असा सरंजामही आला. येथेच आजच्या सगळ्या कोड्यांचे मूळ आहे. प्रत्येक किटातून एक गाडी उभी राहिली आणि जवळजवळ तितकेच भाग चॉकलेटच्या किंवा बुटांच्या डब्यात गेले. पुढच्या वर्षी पुढच्या किटाचे उरलेले भाग त्याच डब्यात. मुलगा कॉलेजात गेला, लष्करात गेला, डबा माळ्यावर गेला, आणि साठ वर्षांनी घर आवरताना तो कोणा परक्या माणसाच्या टेबलावर उपडा झाला.

साच्याची हकीकतही ऐकण्यासारखी आहे, कारण ओळख पटविताना पावलोपावली तिचा आधार घ्यावा लागतो. गाडीचा मूळ नमुना बहुधा एकास दहा प्रमाणात, म्हणजे हाताने नीट कोरता येईल एवढा मोठा, करीत. मग पँटोग्राफ यंत्राची एक सुई त्या नमुन्यावरून फिरे आणि दुसऱ्या टोकाचे कटर तोच मार्ग अडीच पटीने लहान करून पोलादात उतरवी. गाडीचे सबंध अंग एकाच तुकड्यात यावे म्हणून साच्याचे चारी बाजूंचे पोलादी पाखे बाजूंना सरकणारे करावे लागत. ते जेथे एकमेकांस भिडत तेथे मडगार्डाच्या माथ्यावरून जाणारी केसासारखी बारीक रेघ उमटे. नवशिक्याला ही रेघ खऱ्या गाडीचा भाग वाटते. जाणता ती कानशीने आणि पॉलिश पेपरने काढून टाकतो. परंतु सुट्या भागाची रुजुवात चालू असताना तिला मुळीच हात लावीत नाही, कारण ती रेघ नेमकी कोठून जाते हे प्रत्येक साच्याचे स्वतंत्र लक्षण असते. भाग साच्यातून बाहेर ढकलणाऱ्या खिळ्यांचे वाटोळे ठसे आणि प्लॅस्टिक आत शिरले त्या जागेचा तुटका देठ, हीही तशीच लक्षणे.

पोलादाचा साचा अतिशय महाग. म्हणून दरवर्षी नवा न घडविता जुन्यातच बदल करीत. १९६१ च्या गाडीचा साचा १९६२ साठी खरवडला, की १९६१ ची गाडी पुन्हा काढणे अशक्य होई, आणि तिच्या जेवढ्या प्रती त्या एका वर्षात निघाल्या तेवढ्याच जगात राहिल्या. पुढे १९७० च्या दशकात यांपैकी काही साच्यांवर आणखी एक संकट आले: मातीच्या धावपट्टीवरील शर्यतींच्या गाड्या लोकप्रिय झाल्या, तेव्हा जुन्या साच्यांतील चाकांच्या कमानी कापून रुंद करण्यात आल्या, आणि ज्या गाड्या कारखानी रूपात सुखरूप होत्या त्याही त्या रूपाला मुकल्या. साचा असा दरवर्षी बदले, म्हणून एखाद्या बॉनेटवर साल दिसत नसले तरी त्यावरची कल्हई केलेली पट्टी किती लांब जाते यावरून साल सांगता येते. उलट चासीच्या पोटावर कोरलेले साल फसवे असते. ते साच्याच्या जन्माचे साल, किटाच्या विक्रीचे नव्हे, आणि एकच चासी कित्येक वर्षे निरनिराळ्या अंगांखाली विकली गेलेली असते.

परंतु ओळखीचा खरा कस लागतो तो इंजिनांवर. आठ सिलिंडरांची व्ही आकाराची अमेरिकन इंजिने वरवर सारखी दिसतात, आणि दोन सेंटिमीटरच्या प्लॅस्टिकच्या तुकड्यावर कोणाचेही नाव लिहिलेले नसते. पहिला प्रश्न विचारायचा तो डिस्ट्रिब्यूटरविषयी: तो पुढे आहे की मागे? शेव्हरोलेच्या इंजिनात तो मागे, प्रवाशांच्या बाजूला. बहुतेक फोर्डमध्ये पुढे, पंख्याच्या बाजूला. दुसरा प्रश्न टॅपेट कव्हरांचा. शेव्हरोलेच्या ३४८ आणि ४०९ घनइंची इंजिनांची कव्हरे कडेने खाचाखाचांची, इंग्रजी डब्ल्यू अक्षरासारखी दिसतात. ती एकदा पाहिली की विसरणे कठीण. क्राइस्लरच्या हेमी इंजिनांची कव्हरे फार रुंद असतात आणि स्पार्क प्लग त्यांच्या मधोमध आत शिरतात. येथे थांबणारा मात्र फसतो, कारण हेमी दोन पिढ्यांची आहे: १९५० च्या दशकातली, आणि १९६४ साली शर्यतीत उतरलेली ४२६ घनइंचांची. दोघींचीही कव्हरे रुंद, दोघींचेही प्लग मधोमध. परंतु जुनीचा डिस्ट्रिब्यूटर मागे आणि नवीचा पुढे. आणि ज्याला टॅपेट कव्हरच नाही, वर नुसती बोल्टांची रांग असलेली सपाट पाटी आहे, आणि प्रत्येक कुशीस चारऐवजी तीनच एक्झॉस्टची तोंडे आहेत, तो १९३२ साली निघालेल्या फोर्डच्या फ्लॅटहेड व्ही-आठचा वंशज.

ट्रॉयच्या गृहस्थांनी यातले एकेक इंजिन माझ्या तळहातावर ठेवून माझी परीक्षा घेतली. वहिनींनी जिन्यावरून ‘भावजी, चहा वर घेता की खाली पाठवू?’ असे विचारले तेव्हा मी एका पॉन्टिअकला शेव्हरोले ठरविण्याच्या बेतात होतो. गृहस्थांनी तो तुकडा शांतपणे परत घेतला आणि ते म्हणाले, “डिस्ट्रिब्यूटर मागे म्हणजे शेव्हरोले, असा कायदा नाही. डिस्ट्रिब्यूटर पुढे म्हणजे शेव्हरोले नाही, एवढाच कायदा आहे.” मला वाटते, या विद्येची सारी तर्कपद्धती या वाक्यात आली: होकाराच्या लक्षणांपेक्षा निषेधाची लक्षणे येथे अधिक भरवशाची.

मापाच्या बाबतीतही असाच गुंता आहे. मोनोग्राम आणि जपानी कारखाने एकास चोवीस प्रमाण पाळत आले, कारण फुटाला अर्धा इंच हा हिशेब सोपा. डेट्रॉईटची घराणी एकास पंचवीस पाळत. दोहोंतील अंतर शेकडा चारच्या आसपास, म्हणजे नुसत्या डोळ्याला न जाणवणारे. १९६५ च्या मस्टँगच्या पुढील व मागील चाकांमधील अंतर १०८ इंच, म्हणजे २७४३ मिलिमीटर. एकास पंचवीसात ते १०९.७ मिलिमीटर होते आणि एकास चोवीसात ११४.३. चासी हाती असेल तर व्हर्निअर कॅलिपर एका क्षणात निकाल देतो. पण नुसते चाक हाती असेल तर? चौदा इंची चाकाचा व्यास एकास चोवीसात १४.८ मिलिमीटर भरतो, पंधरा इंची चाकाचा एकास पंचवीसात १५.२, कडेची जाडी आणि कल्हईचा थर धरला तर मोजणाऱ्याला या दोहोंत निवड करणे कठीण जाते. अशा वेळी पुन्हा घडणीकडे वळावे लागते: चाकाच्या मागे काडीसाठी खाच आहे की खुंटी, आणि टायर पोकळ व्हिनाइलचा बसतो की दोन अर्ध्या कड्यांचा.

व्हिनाइलच्या टायरांचा विषय निघालाच आहे तर त्यांचा एक उपद्रव सांगितला पाहिजे. त्यांना मऊ ठेवणारे तेलकट द्रव्य हळूहळू बाहेर झरते आणि ज्या पॉलिस्टायरीनला स्पर्श होईल ते विरघळवून टाकते. साठ वर्षे खोक्यात पडून राहिलेल्या किटाची समोरची काच उचलून पाहावी, तो तिच्यावर टायरच्या नक्षीचा खोल ठसा उमटलेला असतो. म्हणून जुने खोके उघडताच टायर वेगळ्या पिशवीत घालणे हा पहिला नियम.

जोडणीची कला ही ओळखीच्या कलेची धाकटी बहीण नव्हे, थोरलीच. परंतु ती अधिक परिचित असल्याने तिच्याविषयी थोडक्यात लिहितो. भाग साबणाच्या पाण्याने धुवावेत, कारण साच्याला लावलेल्या तेलाचा अंश त्यांवर असतो आणि रंग त्यावर धरत नाही. ग्लू लावण्यापूर्वी सगळे कोरडेच जुळवून पाहावे. पॉलिस्टायरीनचा ग्लू हा खरे तर चिकटविणारा पदार्थ नव्हे; तो दोन्ही पृष्ठे विरघळवितो आणि ती एकमेकांत मिसळून एकजीव होतात, म्हणून चुकीच्या जागी लागलेला थेंब कायमचा. या ग्लूच्या वासाने नशा करण्याचा प्रकार अमेरिकेत बोकाळला, तेव्हा रॉकफर्ड येथील टेस्टर्स कंपनीने १९६० च्या दशकाच्या अखेरीस त्यात मोहरीच्या झणक्याचा अर्क मिसळला, जेणेकरून हुंगणाऱ्याच्या नाकाडोळ्यांतून पाणी यावे. फोडणीच्या धुराने ज्यांचे बालपण खोकले आहे त्यांना या तोडग्याची परिणामकारकता समजावून सांगण्याची आवश्यकता नाही.

रंगाच्या बाबतीत एक गणित मला विशेष बोधक वाटले. खऱ्या मोटारीवरील रंगाचा थर मिलिमीटरच्या दहाव्या भागाइतका असतो. तेवढाच थर छोट्या गाडीवर चढला तर प्रमाणाने तो अडीच मिलिमीटर जाडीचा होईल, आणि दारांच्या फटी, बिल्ले, अक्षरे सारी त्याखाली गाडली जातील. प्लॅस्टिकचे अंगही असेच जाड: दीड मिलिमीटरचे दार म्हणजे खऱ्या गाडीत साडेसदतीस मिलिमीटरचा पत्रा. म्हणजे बाहेरून हुबेहूब असलेली ही नक्कल आतून रणगाडा आहे. कसबी माणूस जेथे जेथे कड दिसते, म्हणजे चाकांच्या कमानी, बंपरची टोके, खिडक्यांच्या चौकटी, तेवढीच आतून खरवडून पातळ करतो. उरलेल्या जाडीकडे कोणी पाहत नाही. काचेभोवतीच्या चमकदार पट्ट्यांसाठी रंग वापरीत नाहीत. मागे चिकट द्रव्य लावलेला अतिशय पातळ धातूचा वर्ख त्या पट्टीवर बसवून कडेने धारदार पात्याने कापतात, आणि या कामाला लागणारा धीर ज्याच्या अंगी नाही त्याने जुन्या गाड्यांच्या वाटेला जाऊ नये हे बरे. प्लगच्या तारा खऱ्या गाडीत सातेक मिलिमीटर जाडीच्या. येथे त्या पाव मिलिमीटरहून किंचित जाड तांब्याच्या तारेच्या करतात. त्या डिस्ट्रिब्यूटरपासून सिलिंडरांपर्यंत नुसत्या नेऊन चालत नाही, तर शेव्हरोलेसाठी १-८-४-३-६-५-७-२ या प्रज्वलनक्रमाने नेतात. बॉनेट मिटल्यावर हे कोणाला दिसणार, असे मी विचारले नाही. विचारणारा माणूस तेथे परत बोलावला जात नसावा.

ओहायोतील टोलेडोच्या परिसरात १९८० सालापासून या लोकांचा एक मेळा भरतो. त्याचे नाव ‘नेमलेस नॅशनल लंचन’, म्हणजे निनावी राष्ट्रीय भोजन, असे थट्टेने ठेवलेले असून तेथे परीक्षक नसतात. लोक गाड्या मांडतात, पाहतात, आणि मांडणीच्या टेबलांइतकीच गर्दी सुट्या भागांच्या टेबलांभोवती करतात. मला स्वतःला ही बिनपरीक्षकांची तजवीज फार पसंत पडली. गुण देण्याची वेळ आली की माणूस दोष शोधू लागतो, आणि एकास पंचवीसात दोष शोधणे हे जगातले सर्वांत सोपे काम आहे.

आता क्राइस्लरच्या टर्बाइन गाडीकडे वळतो, कारण नक्कल कोणत्या प्रसंगी अस्सलाच्या जागी साक्षीला उभी राहते याचे याहून चांगले उदाहरण मला सापडले नाही. १९६३-६४ साली क्राइस्लरने पिस्टनऐवजी विमानासारखे टर्बाइन इंजिन बसविलेल्या गाड्या तयार केल्या. अंगे इटलीतील तुरीन येथील गिया या कारखान्यात घडविलेली, आणि रंग तांब्यासारखा. एकूण ५५ गाड्यांपैकी ५० गाड्या १९६६ पर्यंत आळीपाळीने २०३ सामान्य नागरिकांना वापरून पाहण्यासाठी दिल्या. प्रयोगाची मुदत संपल्यावर कंपनीने नऊ गाड्या राखून बाकीच्या नष्ट केल्या; इटलीहून आलेल्या अंगांवरील जकात चुकविण्यासाठी हे केले, असे कारण सांगितले जाते. दरम्यान जो-हॅनने त्या गाडीचा किट काढला होता. आता सुट्या भागांच्या ढिगात जर असे एक इंजिन सापडले, की ज्याला डिस्ट्रिब्यूटर नाही, टॅपेट कव्हर नाही, पुढे रेडिएटरची सोय नाही आणि दोन्ही कुशींस दोन मोठ्या वाटोळ्या चकत्या आहेत, तर त्याच्या ओळखीला व्हर्निअर लागत नाही. त्या चकत्या म्हणजे बाहेर जाणाऱ्या वायूंची उष्णता परत घेणारे रिजनरेटर. जी गाडी रस्त्यावर पाहण्याची संधी आज जवळजवळ कोणाला नाही, तिच्या इंजिनाची रचना एका दीड डॉलरच्या खेळण्यामुळे असंख्य मुलांनी बोटांनी चाचपून पाहिली.

साच्यांचे पुढे काय झाले हे सांगितले पाहिजे. १९७८ साली एएमटी मॅचबॉक्सवाल्या इंग्रज लेस्नी कंपनीकडे गेली, नंतर आयोवातील अर्टलकडे. एमपीसीही अखेर त्याच घरात आली. आणि सध्या दोन्ही नावे इंडियानातील साउथ बेंड येथील राउंड-टू या संस्थेची आहेत. जो-हॅनचे साचे हातोहाती फिरले आणि तिचे उत्पादन थांबले. जे साचे खरवडले गेले किंवा हरवले, त्यांच्या गाड्या प्रथम घरगुती कारागिरांनी सिलिकोनच्या साच्यात रेझिन ओतून उतरविल्या. या रेझिनच्या प्रती अस्सलापेक्षा किंचित आकसतात, त्यांत टाचणीच्या टोकाएवढे बुडबुडे असतात, खिळ्यांचे ठसे बहुधा नसतात, आणि किटाचा ग्लू त्यांना मुळीच धरत नाही. एवढ्या चार खुणांवर नक्कल आणि मूळ यांची खातरजमा होते. अलीकडे राउंड-टूने याच्याही पुढचे पाऊल टाकले आहे: मूळ साचा नष्ट झालेल्या जुन्या किटाची एखादी न जोडलेली प्रत मिळवायची, तिचा प्रत्येक भाग संगणकाने मोजायचा, आणि त्यावरून पोलादात नवा साचा कोरायचा. जुने खोकेही पूर्वीच्याच चित्रासह छापतात. छंदी लोकांत याविषयी आनंद आहे, आणि जुने किट शेकडो डॉलरांना जपून ठेवणाऱ्यांत थोडी कुरबुरही आहे. माझे मत विचाराल तर, ज्याला गाडी जोडायची आहे त्याची बाजू मी घेईन. कपाटात बंद राहिलेल्या खोक्याला किंमत असते, पण गाडी नसते.

ट्रॉयच्या गृहस्थांच्या वहीत या नव्या साच्यांसाठी स्वतंत्र पाने आहेत. परंतु सध्या त्यांचे चित्त दुसऱ्याच कामात गुंतले आहे. वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यात क्राइस्लरशी झालेल्या करारानुसार डॉज, प्लिमथ आणि डिसोटो गाड्या जोडल्या जात. भाग अमेरिकेतून पेट्यांत भरून येत आणि येथे उभे राहत. त्याच्या आधीपासून, १९२८ पासून, शिवडीला जनरल मोटर्स हेच करीत होती. सरकारने १९५३ साली नुसत्या जोडणीला यापुढे मुभा नाही, भागही येथेच घडवा, असे धोरण ठरविले, तेव्हा जनरल मोटर्सने गाशा गुंडाळला आणि प्रीमियरने पुढे फियाटची वाट धरली. या गृहस्थांचे वडील त्या काळी कुर्ल्याला होते. गृहस्थांना तेथून बाहेर पडलेली एक गाडी एकास पंचवीसात करायची आहे.

अडचण अशी की अमेरिकन किटांत स्टिअरिंग डावीकडे. ते चाक उजवीकडे नेणे म्हणजे नुसते एक भोक बुजवून दुसरे पाडणे नव्हे: डॅशबोर्ड कापून उलटा जोडावा लागतो, त्यावरची घड्याळे आणि खण यांची अदलाबदल होते, पेडल हलतात, बॉनेटखाली स्टिअरिंगचा दांडा एक्झॉस्टच्या वाटेत येतो म्हणून तोही वळवावा लागतो, आणि वायपरांचा कल बदलतो. बीएम अक्षरांनी सुरू होणारी मुंबईची नंबरपट्टी तेवढी सोपी. त्यांनी डॅशबोर्डचे तीन नमुने कापून ठेवले आहेत आणि कोणता बरोबर ते त्यांना ठरविता येत नाही, कारण त्या काळचे जे फोटो त्यांच्यापाशी आहेत ते सगळे गाडीच्या बाहेरून काढलेले. दारापाशी उभी असलेली माणसे दिसतात, आतला डॅशबोर्ड दिसत नाही. मी निघताना त्यांनी एक यादी माझ्या हाती दिली आहे: कोणत्या सालाच्या कोणत्या गाडीच्या आतील भागाचा फोटो हवा, आणि तो शक्यतो स्टिअरिंगच्या उजव्या अंगाने घेतलेला असावा. कुर्ला, परळ किंवा गिरगाव येथील कोणा वाचकाच्या घरी जुन्या अल्बममध्ये असा फोटो असल्यास त्याची नक्कल या अंकाच्या संपादकांकडे पाठवावी. ती ट्रॉयला पोहोचविण्याची जबाबदारी माझी.